प्रबंधाचा खर्च कोणी उचलला?

महाळुंग्यात सकाळी सहाच्या सुमाराला रस्त्यावर दोन गर्द्या असतात. एक रात्रपाळी संपवून कंपनीच्या बसमधून उतरणारी आणि दुसरी पहिल्या पाळीसाठी त्याच बसमध्ये चढणारी. चहाच्या टपरीवर दोघी एकत्र उभ्या राहतात. कोण कुठल्या गर्दीतला, हे फक्त डोळ्यांवरून ओळखायचं.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका टपरीवर मला एक मुलगी दिसली. पाठीला सॅक, हातात क्लिपबोर्ड, त्याला दोरीने बांधलेलं पेन. पीएचडी करत होती. विषय होता कंत्राटी कामगारांची झोप आणि कंबरदुखी. प्रश्नावली सोळा पानांची. एक फॉर्म भरायला अर्धा तास तरी लागायचा. आठ-दहा तास उभं राहून आलेला माणूस अनोळखी मुलीला अर्धा तास का देईल? म्हणून ती प्रत्येकाला चहा आणि वडापाव द्यायची. पैसे तिचेच.

मी विचारलं, "फेलोशिप नाही का?"

"आहे की दादा. आठ महिन्यांची थकलीय." मग हसून म्हणाली, "आणि आली तरी ती माझ्या खोलीभाड्याची. वडापावचं हेड त्यात नाहीये."

हे 'हेड' प्रकरण माझ्या डोक्यात बसलं. पीएचडीचा खर्च म्हटलं की आपल्याला विद्यार्थ्याचं पोट दिसतं. त्याची खोली, मेस, गावी पाठवायचे दोन पैसे. पण लोकांच्या आरोग्यावर संशोधन करायचं तर आणखी एक खर्च असतो, आणि तो मोठा असतो. घरोघरी जायचं, तेही एकदा जाऊन भागत नाही. वजन-उंची मोजायची, रक्त घ्यायचं, ते बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यायचं, तपासणीचे पैसे भरायचे, सोबत दोन माणसं ठेवायची, त्यांना पगार द्यायचा. थोडक्यात, एक पैसा माणसाला लागतो आणि दुसरा त्याच्या प्रश्नाला. हे दोन पैसे आपल्याकडे बहुतेक वेळा वेगवेगळ्या खिशांतून आले, आणि कधीकधी त्यांतला एकच आला. कुठला आला, त्यावर प्रबंध कसा झाला हे ठरत गेलं. पुणे-मुंबईच्या इतिहासात हे अगदी स्पष्ट दिसतं.

*

सुरुवात आनंदीबाई जोशींपासून करायला हवी. त्यांच्यावर सिनेमे झाले, मालिका झाल्या, पण त्यांनी प्रबंध लिहिला होता हे आपण सहसा विसरतो. आजच्या अर्थाने ती पीएचडी नव्हती, एम.डी.ची पदवी होती. पण फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये त्या काळी पदवीसाठी प्रबंध द्यावा लागे. आनंदीबाईंनी १८८६ साली दिला. विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षी बाळंत होऊन दहा दिवसांत मूल गमावलेल्या बाईने हा विषय का निवडला असेल, हे सांगायला नको.

पैसा कुठून आला? गोपाळराव पोस्टात नोकरीला. त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेलं मदतीचं पत्र तिकडच्या मासिकात छापून आलं. सोबत संपादकांचा शेरा होता, ज्याचा मथितार्थ असा की ख्रिस्ती व्हा, मग बघू. न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी ते मासिक दातांच्या डॉक्टरकडे वाट बघत बसलेल्या असताना वाचलं आणि आनंदीबाईंना पत्र लिहिलं. (सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात दंतवैद्याकडच्या जुन्या मासिकांचं एवढंच योगदान मला माहीत आहे.) १८८३च्या फेब्रुवारीत आनंदीबाईंनी सेरामपूरला भाषण केलं आणि हिंदू म्हणूनच जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, असं जाहीर सांगितलं. त्यानंतर देशभरातून थोडी थोडी मदत आली. सोन्याच्या बांगड्या विकल्या गेल्या. तिकडे डीन रेचल बॉडली यांनी प्रवेश दिला, शिष्यवृत्तीची सोय झाली. कार्पेंटरबाईंचं घर तर होतंच.

हा सगळा पैसा माणसाला मिळालेला पैसा होता. एका हुशार, जिद्दी मुलीला शिकता यावं म्हणून लोकांनी दिलेला. तिने कशावर लिहावं हे कोणी ठरवलं नाही, आणि ही मोठी गोष्ट आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या त्या मुलीला विषयाचं पूर्ण स्वातंत्र्य होतं. पण प्रबंध उघडला की दुसरी बाजूही दिसते. त्याचा मोठा आधार जुने संस्कृत ग्रंथ आहेत. कल्याण-अलिबागच्या बाळंतिणींच्या खोलीत जाऊन मोजमाप घेणं फिलाडेल्फियात बसून शक्य नव्हतं, आणि तशा पाहणीला पैसे देणारा जगात कोणी नव्हता. पुस्तकं मात्र हाताशी होती. प्रश्नाला पैसा नसला की प्रबंध ग्रंथालयाकडे सरकतो. हे आजही होतं. कुठल्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयात आरोग्याच्या कपाटासमोर उभं राहून पाहा.

आनंदीबाई परत आल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांची वाट पाहत होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

*

प्रश्नाला पैसा पहिल्यांदा मिळाला तो भीतीमुळे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. व्यापार थांबला, गिरण्या ओस पडल्या, युरोपातली बंदरं मुंबईच्या जहाजांकडे संशयाने पाहू लागली. सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईत आणलं, आणि १८९७च्या जानेवारीत त्यांनी स्वतःच्या शरीरावर लस टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात रँडचा खून झाला आणि त्याआधी मार्चमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेगची प्रयोगशाळा उभी राहिली, तिलाच आपण आज हाफकिन संस्था म्हणतो.

१९११ साली 'इंडियन रिसर्च फंड असोसिएशन' स्थापन झाली. नावातच फंड. तिच्या नियामक मंडळाची पहिली बैठक १५ नोव्हेंबर १९११ रोजी मुंबईत, याच प्लेगच्या प्रयोगशाळेत भरली. १९४९ साली तिचं नाव बदलून आयसीएमआर झालं. कोविडच्या काळात रोज टीव्हीवर ऐकलेलं ते नाव मुळात रोगावर संशोधन करणाऱ्यांना पैसे वाटणाऱ्या एका संस्थेचं आहे.

खासगी पैसाही आला, पण तो दुःखातून. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली ल्युकेमियाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजींनी त्यांच्या नावाने न्यास केला. त्याच्या उत्पन्नातला मोठा वाटा जगभरातल्या ल्युकेमियाच्या संशोधनाला आणि उरलेला भारतात माणसाच्या आजारावर, वेदनेवर काम करणाऱ्यांना. लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर आजही पीएचडी करता येते. भीतीच्या पैशापेक्षा दुःखाचा पैसा जास्त दिवस टिकतो, असं मला वाटतं. साथ ओसरली की भीती संपते.

आणि कमला भागवत, म्हणजे नंतरच्या कमला सोहोनी. दुर्गाबाईंच्या बहीण. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्या. मग एक वर्ष परीक्षेवर ठेवून घेतलं. पुढे शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजला गेल्या आणि १९३९ साली तिथली पीएचडी घेतली. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. त्यांच्या शिष्यवृत्त्यांमधली एक सर मंगळदास नथुभाईंच्या नावाची होती. हे मंगळदास एकोणिसाव्या शतकातले मुंबईचे धनाढ्य व्यापारी आणि गिरणीमालक. कापसाच्या पैशाची ही गोष्ट पुढे लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

कमलाबाईंचा केंब्रिजचा विषय वनस्पतींतल्या पेशींच्या श्वसनाचा होता, आरोग्याशी थेट संबंध नाही. पण परत येऊन मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवताना त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काय तपासायला घेतलं? नीरा, कडधान्यं, तांदळाचं पीठ. गरिबाच्या ताटातल्या वस्तू. नीरेवरचं काम राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून सुरू झालं होतं. हे काम स्वस्त होतं, आणि तितकंच महत्त्वाचं. थोड्या पैशात कुठला प्रश्न सोडवता येईल, हे ओळखणं ही वेगळीच अक्कल असते, आणि ती फेलोशिपच्या फॉर्मवर कुठेच विचारत नाहीत.

*

आता परत आपल्या पट्ट्यात येऊ. पिंपरी-चिंचवड म्हटलं की डोळ्यांसमोर मोटारी येतात, स्कूटरी येतात. पण या पट्ट्यातला सुरुवातीचा एक मोठा कारखाना औषधाचा होता. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली, एमआयडीसी जन्माला येण्याच्या आठ वर्षं आधी. माल पेनिसिलिन. पैसा भारत सरकारचा, त्याला युनिसेफची यंत्रसामग्री आणि जागतिक आरोग्य संघटनेची तांत्रिक मदत. बाहेरचा देश पेनिसिलिन ज्या भावाने देईल त्या भावाने घ्यायचं नाही, असा तो निश्चय होता.

या कारखान्यात संशोधन विभाग होता. म. ज. थिरुमलाचार हे कवकशास्त्रज्ञ तिथे काम करत. त्यांच्या चमूला पिंपरीच्या मातीत एक सूक्ष्मजीव सापडला, ज्याच्यापासून बुरशीवरचं औषध मिळालं. औषधाचं नाव ठेवलं हमायसिन, आणि सूक्ष्मजीवाचं स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. पिंपरीचं नाव जगाच्या जीवशास्त्रात आहे, आणि ते रस्त्याकडेच्या मातीमुळे आहे, हे पिंपरीतल्या कितीजणांना माहीत असेल? पगार, प्रयोगशाळा आणि प्रश्न एकाच फाटकाच्या आत होते, म्हणून हे झालं. पुढे कंपनी तोट्यात गेली, आजारी उद्योगांच्या यादीत बसली. त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

त्याच सुमाराला, १९५२ साली, पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर निघालं. आजची एनआयव्ही. ती आयसीएमआर आणि अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनने मिळून काढली. रॉकफेलरांचा पैसा तेलाचा. फाउंडेशनला जगभरातले डास-गोचिडींमार्फत पसरणारे विषाणू शोधायचे होते, त्यासाठी त्यांनी त्रिनिदादमध्ये, ब्राझीलच्या बेलेममध्ये आणि पुण्यात प्रयोगशाळा उभ्या केल्या. भारतीय संशोधकांना शिकायला अमेरिकेत पाठवलं. इथे काम करत करत पुणे विद्यापीठाची पीएचडी मिळवणाऱ्यांची पुढे एक परंपराच तयार झाली.

यात एक कळीचा प्रश्न पीतज्वराचा होता. तो आफ्रिकेत आहे, दक्षिण अमेरिकेत आहे, डास भारतातही आहेत, मग इथे का नाही? १९५२ साली भारतातल्या लोकांच्या रक्ताचे नमुने गोळा करून तपासले गेले आणि १९५४ साली त्यावर निबंध आला. काही नमुन्यांत झिका विषाणूशी लढणारी प्रतिद्रव्यं दिसली. त्या काळच्या चाचण्या जवळच्या दोन विषाणूंची गल्लत करू शकत, त्यामुळे त्यावर फार भार टाकू नये. पण २०२१ साली पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण सापडला तेव्हा मला तो जुना निबंध आठवला. सत्तर वर्षांपूर्वी कोणीतरी दुसऱ्याच कारणासाठी रक्त तपासलं होतं.

१९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली. पाठोपाठ माणसं तापाने आजारी. पहिली धास्ती हीच, की पीतज्वर आला. पुण्याहून पथक गेलं. निघालं भलतंच, गोचिडीतून येणारा नवा विषाणू. आपण त्याला माकडताप म्हणतो, आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांद्याच्या काजूबागांत काम करणाऱ्यांना तो २०१६नंतर चांगलाच ओळखीचा झाला आहे. बाहेरच्यांच्या भीतीसाठी उभारलेली प्रयोगशाळा आपल्या जंगलातल्या तापाला कामी आली.

पण पैसा कोणाचा हा प्रश्न इथेच जरा बोचायला लागतो. माकडतापाचा विषाणू पक्ष्यांबरोबर आला का, हे तपासायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अलींच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायांत कड्या अडकवल्या. सुरुवातीला पैसा जागतिक आरोग्य संघटनेचा, नंतर अमेरिकन लष्कराच्या एका प्रकल्पाचा. सत्तरच्या दशकाच्या मध्यात संसदेच्या लोकलेखा समितीने विचारलं, की भारतातले पक्षी कुठून कुठे जातात याच्याशी अमेरिकन लष्कराला काय देणंघेणं? सालिम अलींना तो संशय अन्यायाचा वाटला. पक्षिशास्त्राला त्या कड्यांतून अमाप माहिती मिळाली, हेही खरं. माझ्या मते समितीने विचारलं ते बरोबर केलं. पैसे देणाऱ्याला कशाची भीती वाटते, हे विचारून ठेवावं. त्यामुळे काम खोटं ठरत नाही, पण कुठली कामं झालीच नाहीत हे कळतं.

*

चाकणहून शिक्रापूरच्या रस्त्याला लागलं की तासाभरात तुम्ही एका वेगळ्या जगप्रसिद्ध भागात असता. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम हॉस्पिटलने, डॉ. बानू कोयाजींच्या पुढाकाराने, १९७०च्या दशकात ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. आणि याच बाजूच्या सहा गावांत १९९३पासून केईएमच्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी गर्भवतींच्या पोषणाचा अभ्यास हाती घेतला. पैसा लंडनच्या वेलकम ट्रस्टचा. हेन्री वेलकम हे औषध कंपनीचे मालक, १९३६ साली वारले, आणि मागे हा न्यास ठेवून गेले.

इथे प्रश्नाला पैसा मिळणं म्हणजे काय, ते नीट बघा. बाई गरोदर राहिल्यावर अभ्यास सुरू करून भागणार नव्हतं, ती त्याआधी कशी होती हे हवं होतं. म्हणून गावांतल्या विवाहित बायकांच्या घरी दर महिन्याला कार्यकर्त्या जात आणि पाळीची तारीख लिहून घेत. दर महिन्याला, घरोघरी, वर्षानुवर्षं. बाळ जन्मलं की बहात्तर तासांच्या आत त्याचं वजन, लांबी, डोक्याचा घेर, दंडाचा घेर, कातडीखालच्या चरबीची जाडी मोजायची. रात्री दोनला बाळंतपण झालं तरी घड्याळ चालूच. त्यासाठी गाडी लागते, ड्रायव्हर लागतो, शिकवलेल्या बाया लागतात. हे सगळं एका विद्यार्थ्याच्या फेलोशिपमध्ये कधीच बसणार नाही.

प्रश्न मूळचा इंग्लंडचा होता. साउथॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर म्हणत होते, की पोटात असताना उपाशी राहिलेल्या बाळाला मोठेपणी हृदयरोग-मधुमेह जास्त होतो. साउथॅम्प्टनच्या कॅरोलिन फॉल या अभ्यासात सोबत होत्या. या गावांतली बाळं सरासरी २.७ किलोची निघाली, साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. इथवर अपेक्षेप्रमाणे. पण आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोट-यकृत लहान आणि चरबी मात्र जवळजवळ त्या इंग्लिश बाळांच्या बरोबरीची. हाडकुळं दिसणारं बाळ आतून चरबीवालं. २००३ साली हा निष्कर्ष छापून आला, आणि 'थिन-फॅट' भारतीय बाळ हा शब्द जगभर गेला. पुढच्या वर्षी याज्ञिकांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्याबरोबर 'लॅन्सेट'मध्ये आपल्या दोघांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. सडपातळ असूनही वडिलांना शुगर का, असं तुमच्या घरात कोणी विचारत असेल, तर उत्तराचा एक धागा शिरूरकडच्या या गावांतून येतो.

या अभ्यासातला मला सर्वांत आवडणारा भाग वेगळा आहे. आघारकर संस्थेच्या शोभा राव यांनी या बायकांच्या ताटाकडे आणि दिवसाकडे पाहिलं. सरासरी ४२ किलो वजनाच्या बायका. पालेभाज्या, फळं, दूध ज्यांच्या खाण्यात जास्त वेळा, त्यांची बाळं मोठी. आणि दुसऱ्या निबंधात त्या बायकांची कामं मोजलेली. पाणी आणणं, शेतातली कामं, धुणी. जितके कष्ट जास्त, तितकं बाळ लहान. प्रश्न साउथॅम्प्टनहून निघाला होता, पण तो गावात इतकी वर्षं राहिला की त्याला हंडा-कळशी दिसायला लागली. ती बाळं आता तिशीत आहेत. ती वयात आल्यावर, २०१२ साली, त्यांना बी-१२ची गोळी देऊन पुढच्या पिढीवर काय फरक पडतो हेही तपासायला घेतलं गेलं.

हे यश मोठं आहे. तरी एक गोष्ट राहते. ते पैसे लंडनहून आले नसते, तर इथे कोणी दिले असते का?

*

गेल्या वीस वर्षांत आपल्याकडे उलट दिशेने मोठी गोष्ट घडली. माणसाला पैसा मिळू लागला. बाबासाहेबांना १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या साडेअकरा पौंड महिन्यावर कोलंबियाला जाता आलं, तेव्हा अशी मदत म्हणजे एखाद्याच्या नशिबाचा भाग होता. आता तो हक्काचा भाग होऊ पाहतो आहे. यूजीसीची जेआरएफ जानेवारी २०२३पासून महिना ३७ हजार आहे. पुण्यातच बार्टी आहे, सारथी आहे. नागपूरला महाज्योती. या फेलोशिपांमुळे ज्यांच्या घरात आधी कोणी दहावीही नव्हतं, अशा घरांतली पोरं-पोरी डॉक्टरेट करू लागली.

आणि लगेच ओरड झाली. २०२३च्या हिवाळी अधिवेशनात तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी पीएचडी करून हे काय दिवे लावणार, असं विचारलं. संस्थांच्या जागा दोनशेवर आणल्या गेल्या. २४ डिसेंबरला चाळणी परीक्षा घेतली, तर पेपर २०१९च्या सेटचाच असल्याची तक्रार. १० जानेवारी २०२४ला फेरपरीक्षा, तिच्यावर विद्यार्थ्यांचा बहिष्कार. ज्यांनी तेव्हा रस्त्यावर बसून घोषणा दिल्या, त्यांच्यातले काही हे वाचत असतील. त्यांना हा इतिहास मी सांगायची गरज नाही.

मला मात्र त्या भांडणात एक आकडा हरवलेला दिसतो. जेआरएफमध्ये पोटापाण्याच्या रकमेशिवाय आकस्मिक खर्चासाठी वेगळी रक्कम असते. सामाजिक शास्त्रांसाठी ती पहिल्या दोन वर्षांत वर्षाला १० हजार आहे, विज्ञानासाठी १२ हजार. महिन्याला हजारच्या आतबाहेर. खासगी प्रयोगशाळेत तीन महिन्यांच्या साखरेची एक तपासणी चार-पाचशेला पडते. म्हणजे वर्षभरात वीस-पंचवीस माणसांचं रक्त, तेही झेरॉक्स, बसभाडं आणि वडापाव शून्य धरून. दिवे लावा म्हणायचं आणि तेल द्यायचं नाही. त्या मुलीच्या प्रश्नावलीत रक्ताची एकही तपासणी का नव्हती, हे मला तेव्हा कळलं. तिने कामगारांना 'दुखतं का' एवढंच विचारलं होतं, कारण विचारणं फुकट होतं. आनंदीबाई ग्रंथांकडे वळल्या होत्या, ही प्रश्नावलीकडे.

मग तिच्या प्रश्नाला पैसा कोण देईल? रॉकफेलरला पीतज्वराची भीती होती, महाळुंग्यातल्या कामगाराच्या कंबरेची भीती कोणाला वाटणार? सर्वांत जवळचा पैसा रस्त्याच्या पलीकडे, कंपन्यांच्या भिंतींमागे आहे. कंपनी कायदा २०१३प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. त्या यादीत आरोग्य आहे, सार्वजनिक विद्यापीठं आणि आयसीएमआरला संशोधनासाठी देणगीही आहे. पण त्याच नियमांत असंही आहे, की कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम सीएसआरमध्ये धरलं जाणार नाही. हेतू चांगला आहे, स्वतःच्या माणसांची सोय करून समाजकार्य केल्याचं दाखवू नये म्हणून. परिणाम असा, की कंपनीने शेजारच्या गावात डोळे तपासणी शिबिर घेतलं तर ते बसतं, आपल्याच लाइनवरच्या माणसाच्या मणक्यावर अभ्यास केला तर बसत नाही. कंत्राटी कामगार 'कर्मचारी' आहे की नाही यावर वकील मंडळी भांडू शकतील. कंबरेला मात्र तो फरक कळत नाही.

मंगळदासांच्या पैशावर मुंबईची मुलगी केंब्रिजला गेली, हे चांगलंच झालं. पण गिरणीतल्या कापसाच्या धुळीने कामगाराची छाती का भरते, यासाठी गिरणीमालकाने शिष्यवृत्ती ठेवल्याचं मला कुठे आढळलं नाही. कामगारांच्या आरोग्यावरची राष्ट्रीय संस्था अहमदाबादला आहे, १९६६पासून आहे, पण एका संस्थेने किती कारखाने बघावे? वाहन उद्योगात प्रेस मशीनखाली बोटं गमावणाऱ्यांची मोजदाद 'सेफ इन इंडिया' ही स्वयंसेवी संस्था २०१९पासून 'क्रश्ड' नावाच्या अहवालांतून करते. सुरुवात गुरुग्राम-मानेसरपासून केली. तुटलेलं बोट निदान मोजता तरी येतं. झोप मोजायला सहा गावांसारखी पंधरा-वीस वर्षं लागतील, आणि महाळुंग्यातला कामगार एका खोलीत सहा महिनेही राहत नाही.

*

त्यानंतर ती मुलगी मला दोन-तीनदा दिसली. तीनशे फॉर्मपैकी एकशे ऐंशी झाले होते. थकलेल्या आठ महिन्यांपैकी तीन महिन्यांचे पैसे जमा झाले होते, त्यातून तिने घरी काही पाठवलं होतं.

शेवटी दिसली त्या सकाळी ती लातूरकडच्या एका पोराचा फॉर्म भरत होती. त्याची पाळी दर आठवड्याला बदलायची. तिने विचारलं, "रात्री साधारण किती तास झोप होते?"

तो थोडा वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, कुठली रात्र?"

फॉर्मवर त्यासाठी चौकोन नव्हता. तिने त्याचे शब्द कडेच्या कोऱ्या जागेत जसेच्या तसे लिहिले, पुढचा प्रश्न विचारला आणि टपरीवाल्याला आणखी एक वडापाव द्यायला सांगितलं.